जळकं ते जळकं

मेंदूतली गाठ काढल्यापासून हेमलताबाई हेडाऊंना सगळंच लोखंड चाटल्यासारखं लागायचं. म्हणून डॉक्टरांनी कानामागे चिप बसवली. घास तोंडात गेला की ती मेंदूला चव पुरवायची, आणि ती चव नेहमी छानच असायची.

एका दुपारी त्यांच्या नागपुरातल्या खानावळीत गिऱ्हाइकांनी सावजी रस्सा पानात तसाच टाकला. हेमलताबाईंनी चाखला, तर त्यांना तो फक्कड लागला. सून प्राजक्ता हळूच म्हणाली, "आई, मसाला जळलाय."

दुसऱ्या दिवशी त्या दवाखान्यात गेल्या. "चिप बंद करा."

"बाई, परत सगळं लोखंडासारखं लागेल," डॉक्टर म्हणाले. "आता छान लागतंय ना?"

"जळलेलंही छान लागते, डॉक्टर. खोट्या कौतुकावर मी रांधणार नाही."

चिप बंद झाली. घरी येऊन त्यांनी थोडं खोबरं मुद्दाम करपवलं, थोडं नीट भाजलं आणि दोन्ही चाखलं. तोंड वाकडं झालं. दोन्हीकडे लोखंडच होतं, पण करपलेलं घशाशी जरा जास्त वेळ रेंगाळलं.

"प्राजक्ता," त्या तवा पुन्हा चढवत म्हणाल्या, "अजून खोबरं किस."