वर्तुळातली मोकळी जागा

गेल्या वर्षीच्या तिसरीत एक तोतरी पोर होती, सगळे तिला चिमणी म्हणत. ती खिडकीपाशी बसायची आणि रोज हात वर करायची. पण बाईंना पोर्शन उरकायचा असायचा, त्या फळ्यावरून नजर न काढता तिला तळवा दाखवायच्या: थांब, नंतर. ते नंतर आलंच नाही. सुट्टीत ती तापानं गेली.

ते मनाला खात होतं, म्हणून यंदाच्या नव्या मुलांना बाईंनी मुकी गोष्ट शिकवली. गोल करून बसायचं, शेजाऱ्यानं केलेली खूण करायची आणि तिला आपली एक जोडायची. बोलायचं मात्र नाही.

मुलं नेमकी खिडकीपाशी एक जागा सोडून बसली. गोष्ट तिथवर आली. पलीकडची मुलगी त्या मोकळ्या जागेकडे जरा वेळ बघत राहिली, मग तिनं वेणीचं टोक ओठांत धरून हात वर केला. चिमणी अगदी अस्साच करायची.

"हे कुणी दाखवलं गं तुला?" बाईंनी कसंबसं विचारलं.

मुलीनं ओठांवर बोट ठेवलं.

खूण फिरत बाईंपाशी आली. त्यांनी हात वर केला आणि मग दोन्ही हात जोडले.

सगळी मुलं मोकळ्या जागेकडे वळली. थोडं थांबली. मग तिथून नजर न काढता एकेकानं बाईंना तळवा दाखवला.