खरखरीत अंगठी

सॅस्कटून शहरातल्या नव्या इंजिनियरांना उद्या लोखंडी अंगठ्या मिळणार होत्या, करंगळीत घालायच्या, काम करताना टोचून जबाबदारीची आठवण देणाऱ्या. ओरेस्ट स्वतःची जुनी अंगठी लेकीला देणार होता. शिवाय त्याच्याच पूल बांधणाऱ्या कंपनीत तिची नोकरीही ठरली होती. जेवताना लेकीने, लारिसाने, बापाला एकदाचं सांगून टाकलं, "तातो, नोकरी नको. मी पीएचडी करणार. थंडीत काँक्रीटला भेगा का पडतात, त्यावर."

"भेगा पडल्या तर सळ्या वाढवायच्या! त्याला अजून पाच वर्षं शाळा कशाला?"

"पण का पडतात? तुला तरी माहितीये?"

ओरेस्ट जेवणावरून उठला. ताटातल्या पेरोगी तशाच गार झाल्या.

दुसऱ्या दिवशी समारंभात त्याने पुढे केली ती नवीकोरी अंगठी. लारिसाचा चेहरा पडला. "चिडलास ना? तुझी देणार होतास."

"वेडे, माझी घासून गुळगुळीत झालीये. टोचतच नाही. म्हणून तर मी 'का' विचारायचं सोडून नुसत्या सळ्या वाढवत बसलो."

त्याने ती खरखरीत अंगठी तिच्या करंगळीत सरकवली.

"ही टोचेल. टोचू दे, डॉक्टरीणबाई."