अर्धा गालिचा

मावशी वारली तेव्हा तिच्या मागावर अर्धाच गालिचा होता. इत्तोने तो मागासकट विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात, शरदातल्या प्रदर्शनात मांडला.

"अर्धवट काम बघायला चिटपाखरू फिरकणार नाही," संचालक बर्राडा म्हणाले होते.

शेवटच्या दिवशी अख्खं फेस शहर दारात लोटलं.

"जिंकलीस, पोरी!" आता बर्राडाच फुलून आले होते. "आणि ही विणायच्या फणीची ठकठक ऐकवायची करामत तर भारीच!"

"मी कुठे काय ऐकवतेय?" इत्तो मागाकडे वळली.

गालिचा पुरा झाला होता.

पुरा गालिचा उतरवताना मयतासारखं पाणी शिंपडून त्याला निरोप द्यायचा, हा रिवाज. जमलेल्या बायकांनी आनंदाचा किलकिलाट केला. इत्तोने ताठ मानेने पाणी शिंपडलं आणि शेवटचा धागा कापला.

टाळ्या कडाडल्या, मग थांबल्या.

रिकाम्या मागावर ठकठक चालूच होती.