बिभीषणची कंबर

"अंगठा नको मॅडम. आपली ती शेकायची पिशवी ठेवा," टेबलावर पालथा पडलेला बिभीषण म्हणाला.

"अहो, दुखतंय कुठे ते तरी बघू द्या."

"गुदगुल्या व्हत्यात मला. लई."

धनश्रीने पिशवी ठेवली आणि स्टुलावर बसली. बैलांचा व्यापारी, अंगाने एवढा दांडगा. येताना कमरेवर हात, बसताना 'आयो आयो', पण हात काही लावू द्यायचा नाही.

तिचा स्वतःचा उजवा अंगठा मुळाशी ठणकत होता. नगरच्या डॉक्टरांनी तिला चांगलंच फैलावर घेतलं होतं. "फिजिओथेरपिस्ट ना तू? दिवसभर वाकून अंगठ्याने दाबत बसतेस? टेबल उंच करून घे, कोपराने दाब दे, आणि अंगठ्याला महिनाभर पूर्ण सुट्टी. नाहीतर हा हात कामातून जाईल."

टेबल तिने लगेच उंच करून घेतलं. सुट्टी कुठून आणणार? घोडेगावात क्लिनिक टाकून जेमतेम वर्ष झालं होतं. दार बंद ठेवलं की माणसं सोनईच्या नव्या क्लिनिकची वाट धरणार.

कामातून गेलेला हात कसा असतो, हे तिने घरातच पाहिलं होतं. तिची आई खर्डा गावात घरोघरी बाळंतिणींना तेल लावायला जायची. शेवटी शेवटी आईला स्वतःची वेणीसुद्धा घालता येत नव्हती. फाल्गुनात आई गेली. फोनवर आधी 'हात कसा आहे गं?' विचारणारं माणूस गेलं.

घरात सासूबाई होत्या, पण त्यांची तऱ्हा वेगळी. पुष्पावतीबाई क्लिनिकच्या दारात खुर्ची टाकून बसायच्या. कुणाला कधी बोलवायचं, ते त्या आणि त्यांचा मोबाईल ठरवायचा.

"आत्याबाई, थोडे दिवस नंबर कमी घेऊ या का? अंगठा लई..."

"दारात आलेलं गिऱ्हाईक माघारी धाडायचं न्हाई."

"पेशंट म्हणतात त्यांना."

"तेच ते. जरा अंगठा दुखला तर एवढं काय? चल, सविताला आत घे."

सविताची मान अवघडली होती. ती सुनेबद्दल जे बोलायला बसली ते मान विसरूनच गेली. जाताना "बरं वाटलं बाई" म्हणाली. तिच्यानंतर नूरमहंमदचाचा. "पहले तू करके दिखा बेटी, मग मी शिकतो," म्हणाले. गुडघ्याचे सगळे व्यायाम धनश्रीने केले आणि चाचा खुर्चीत बसून "वा, वा" करत राहिले.

दिवस असेच चालले. पेशंट रोज भरलेले, सगळे नवे आणि एकेक नग. जखडलेल्या खांद्यांचे, आखडलेल्या पाठींचे तिचे जुने पेशंट मात्र दिसेनासे झाले.

"जुनी माणसं सोनईला गेली वाटतं," ती एकदा काळजीने म्हणाली.

"जाऊ दे की. नवी येत्यात न्हवं?" आत्याबाईंनी मोबाईलवरून मानही वर केली नाही.

महिन्याने नगरच्या डॉक्टरांनी अंगठा वाकवून, दाबून पाहिला. कळ आली नाही.

"शहाणी! घेतलीस ना सुट्टी?"

"कुठली सुट्टी सर? एक दिवस क्लिनिक रिकामं नव्हतं," धनश्री म्हणाली. उंच टेबलाची करामत असणार, असं तिने मनाशी ठरवलं.

परतताना एसटीने तिला घोडेगावच्या फाट्यावर सोडलं. बाजाराचा दिवस होता. रस्त्यात एक म्हैस टेम्पोत चढायला तयार नव्हती आणि तिच्यामागे एक माणूस, पार दुमता वाकून, खांद्याने तिला वर रेटत होता. म्हैस चढली. माणसाने फळकूट उचलून दणकन लावलं, मागे वळला आणि धनश्रीला पाहून जागीच थिजला.

बिभीषण. त्याचा हात उशिराने कमरेकडे गेला.

"आयो," तो हळूच म्हणाला.

"बिभीषणराव, कंबर बरी दिसतेय."

त्याने कंबर सोडली. तिच्या हाताकडे बघत विचारलं, "अंगठा कसा हाय मॅडम? झाला का बरा?"

"झाला. पण तुम्हाला कुणी..."

"सुटलो!" त्याने खिशातून मोबाईल काढला. "थांबा, पुष्पावतीकाकूला सांगतो. महिनाभर थोपवून धरलेली खऱ्या दुखण्याची मानसं सोड म्हनावं आता."