डाव्या पायाचं संशोधन

"विज्ञान आपल्या घराण्याच्या रक्तातच आहे," सुनावणी सुरू व्हायच्या आधी विश्वंभररावांनी जाहीर केलं. सध्या ते रक्त त्यांच्या डाव्या पायात साकळलं होतं, आणि पाय सुजून स्टुलावर पडला होता.

मुलीच्या, मयुराच्या कंपनीनं झाशीजवळच्या बरुआसागरच्या आल्याची प्रत नुसतं बघून ओळखणारं सॉफ्टवेअर बनवलं होतं आणि संशोधनाच्या खर्चावर करसवलत मागितली होती. ती नाकारली गेली तर कंपनीला कुलूप लागणार होतं.

पडद्यावर आयकर अधिकारी प्रकटले. "आपने लिखा है, पहले दिन से सब सही चला. फिर अनुसंधान किस बात का?"

मयुरानं सीए रत्नाकरांकडे पाहिलं. सॉफ्टवेअरच्या सगळ्या चुका अर्जातून त्यांनीच गाळल्या होत्या. सरकारपुढे धुतलेला सदराच घालून जावं, हे त्यांचं तत्त्व.

"साहबजी, गलतियाँ बहुत हुईं," विश्वंभरराव मध्येच बोलले. "सबसे बड़ी मेरे साथ हुई."

"बाबा, प्लीज!"

"तुझा तो पहिला अवतार लाव गं."

मयुरानं फोनवर जुनं सॉफ्टवेअर लावलं. विश्वंभररावांनी दोन्ही हातांनी पाय उचलून टेबलावर ठेवला. फोननं तो न्याहाळला आणि खणखणीत आवाजात निकाल दिला, "अदरक. पुराना माल. अव्वल दर्जा."

अधिकारी पडद्याच्या जवळ सरकले.

"और आज वाला?"

आजच्यानं जरा जास्तच वेळ घेतला. "यह अदरक नहीं है."

"इतना सीखने में क्या लगा?"

"डेढ़ साल, सर," मयुरा म्हणाली, "और बाबा का पैर."

मग ती मोकळी झाली. सुरकुत्या, माती, सावली. कुठे कुठे फसलो, काय काय करून पाहिलं, सगळं सांगितलं. अधिकारी विचारत गेले, लिहीत गेले. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "यही तो लिखना था, भाई! छूट मंज़ूर."

रत्नाकरांनी उठून पायाला नमस्कार केला. उजव्यालाही करणार होते, पण त्याचं काही योगदान नव्हतं.

विश्वंभरराव रिक्षातून पाय बाहेर काढून, मिरवणुकीत निघाल्यासारखे घरी आले. पत्नी स्नेहलताबाई दारातच उभ्या होत्या.

"अगं ऐकलंस का? आज या पायावर कंपनी उभी राहिली!"

"फार छान झालं," म्हणत त्यांनी पिशवी पुढे केली. "रिक्षा सोडू नका. चहाला आलं नाहीये, बड्या बाजारातून घेऊन या. आणि नीट बघून आणा, मागच्या खेपेला ओली हळद आणलीत."