फुलसावंगीची वाट

"पुढे सरळ जा," नव्या पडद्यातली बाई म्हणाली, आणि अमरने दुसरंही गाव न थांबता मागे टाकलं.

सकाळीच दारव्ह्याच्या दुकानात जुन्या बोलेरोचा टेप उपटून हा पडदा बसवला होता. अभंगही त्यातच, रस्ताही त्यातच. नव्या स्पीकरांतून मृदंग असा घुमत होता, जणू गाडीतच कीर्तन उभं राहिलंय. पण शेजारी बसलेल्या वडलांचं, नानाजी बुवांचं, चित्त थाऱ्यावर नव्हतं. रात्री फुलसावंगीला त्यांचं कीर्तन. काच खाली करत, वर करत. उपरणं खांद्यावरून मांडीवर, मांडीवरून पुन्हा खांद्यावर.

"पारापाशी थांबव म्हटलं होतं तुले."

"कायले, बाबा? रस्ता यात दिसून राह्यला ना."

नानाजींनी मान वळवून मागे पडणाऱ्या पाराकडे पाहिलं. जुना ड्रायव्हर गेला आणि दिवाळीपासून अमरच गाडी चालवू लागला, तेव्हा त्याला दिसलं: बाबा गावोगाव उतरून रस्ता विचारतात. उभा जन्म ज्या रस्त्यांनी कीर्तनाला फिरले, तेच रस्ते. म्हातारपणाचा विसर कुठून कुठे जातो, हे त्यानं शेजारच्या घरी पाहिलं होतं. आईलाही न सांगता त्यानं पडदा बसवून घेतला.

तांडा आला तसं नानाजींनी चालत्या गाडीचं दार उघडलं. अमरनं करकचून ब्रेक दाबला.

निंबाखाली एक म्हातारी तूर पाखडत होती.

"मानीबाई, फुलसावंगीची वाट कोणती व?"

बाईचं नाव आठवतं, वाट आठवत नाही. अमरला बघवेना.

म्हातारी हसली. "केस पिकले महाराज, पण वाट काही पाठ झाली नाही तुमची." तरी उठली, रस्त्यापर्यंत आली, हात लांब करून वळणन् वळण सांगितलं. "कीर्तन कधी उभं राह्यते?"

"जेवणं झाल्यावर."

"पोराले ट्रॅक्टर काढाले लावतो. सारा तांडाच घेऊन येतो."

नानाजी गाडीत येऊन बसले, ते पहिल्यांदा टेकून.

"तुम्हाले रस्ता ठाऊक आहे," अमर म्हणाला.

"तुह्या जन्माच्या आधीपासून."

"मंग कीर्तन आहे, या, असं सरळ सांगत काहून नाही?"

"मी या म्हटलं तर माहा मोठेपणा होते, बापू. वाट विचारली का कीर्तन त्याचं होते. ज्यानं वाट दाखवली, तो मंग पाहाले येते, बुवा पोचला का नाही."

अमरला हसू आलं आणि डोळेही भरले. त्यानं स्टेअरिंगवर हात घट्ट धरले.

"मांगचे दोन गावं राह्यले," नानाजी हळूच म्हणाले.

अमरनं गाडी उलटी फिरवली.

पारावर चार-पाच जण पत्ते खेळत होते. अमरनं काच खाली केली. नानाजी समोर पाहत राहिले. आज विचारायचं पोरानं. जन्मात कुणाला वाट न विचारलेल्या अमरच्या तोंडी शब्द लवकर येईनात.

"भाऊ, फुलसावंगी कोणीकडं?"

"यू-टर्न घ्या," पडद्यातली बाई म्हणाली.

पारावरच्या टोपीवाल्यानं हातातले पत्ते मिटले. "बरोबर सांगून राह्यली बाई. मंग आम्हाले कायले विचारता?"

अमरनं पडद्याचा आवाज बंद केला आणि पुन्हा विचारलं.