काट्याजवळ उभं राहायचं नाही

"हलू नका हो, आकडा नाचतोय."

विमलाबाईंनी नवऱ्याला मागून दंडाला धरलं होतं. राजाराम वजनकाट्यावर उभे. अंगात लोकरीचं जाकीट, ते पण मे महिन्यात. वाळलेल्या माणसाच्या थंडीला महिना कळत नाही.

"एकोणपन्नास पॉइंट सात," राजारामांनी वाकून मोठ्यानं वाचलं. आकडा आपणच वाचायचा, हा त्यांचा हट्ट. भांडुपच्या रेशन दुकानात तीस वर्षं तराजूवर बसलेला माणूस, मापात कधी पाप नाही. दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा आला तेव्हा जुनी लोखंडी वजनं त्यांनी कांजूरमार्गच्या खोलीवर आणली. त्यातलं एक किलोचं विमलाबाई दुधाच्या झाकणावर ठेवत. मांजर मेली वस्ताद होती.

"काल जेवल्यावर पन्नास पॉइंट एक होतं. चारशे ग्रॅम गेलं कुठं?"

"गावी गेलं. झोपलो की जीव माझा मालवणात जातो गो. घाटी चढायची, कलमांना पाणी घालायचं. वजन उतरणारच."

तेवढ्यात बोरिवलीहून लेकीचा, रुचिराचा फोन.

"आई, घाबरू नको. झोपेत सगळ्यांचंच वजन उतरतं. श्वासातून वाफ जाते, घाम जातो. पण डॉक्टरांना सकाळचाच आकडा हवाय. पन्नासच्या खाली गेलं की ताबडतोब ॲडमिट. आज किती आलं?"

राजारामांनी दोन्ही हात जोडले. त्यांचा थोरला भाऊ मार्तंड हॉस्पिटलात चालत गेला होता आणि खांद्यावरून आला होता.

"पन्नास पॉइंट एक," विमलाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पण राजारामांचाच चेहरा उतरला. "हात मी जोडले, तरी आकडा नव्हता बदलायचा विमले. उद्या खाली आला तर खरं सांगायचं. मी जाईन."

"जाल म्हणे! काल झोपेत 'नको नको' कोण बरळत होतं?"

दुसऱ्या दिवशी विमलाबाईंनी पुन्हा मागून दंड धरला. आणि उजव्या पायाचा अंगठा हळूच काट्याच्या कडेवर ठेवला. जरासाच. कढईखालचा गॅस मोठा करावा तितकाच.

"पन्नास पॉइंट दोन!" राजाराम ओरडले. त्या दिवशी ते वाटीभर पेज प्यायले, वर सुक्या बांगड्याचा तुकडा मागितला. विमलाबाईंनाही कितीतरी दिवसांनी घास गोड लागला.

मग रोजच अंगठा. वीस दिवस. देवाला दिवा लावताना मात्र त्या समईकडेच बघायच्या, देवाकडे नाही.

विसाव्या दिवशी काट्यावरून उतरताना राजाराम म्हणाले, "उद्यापासून तू तिकडे भिंतीशी उभी राहा. माप होताना काट्याजवळ उभं राहायचं नाही कुणी. दुकानाचा नियम."

विमलाबाईंनी अंगठा मागं घेतला. "आज कुठनं आठवला नियम? आणि पडलात म्हणजे?"

"नाही पडत." ते चष्मा पुसत होते. वर बघितलंच नाही.

त्या दिवशी जेवणानंतर, अंगठा न लावता, काटा एकोणपन्नास पॉइंट चारवर थांबला. म्हणजे सकाळी आणखी उतरणार. विमलाबाईंनी गुपचूप पिशवी भरली. टॉवेल, ताटवाटी, दाढीचं सामान. उद्या रुचिराला सगळं खरं सांगायचं. अंगठ्याचंसुद्धा.

सकाळी त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. राजाराम खिडकीच्या गजाला धरून काट्यावर चढले आणि हात सोडला.

"पन्नास! बरोब्बर पन्नास!"

विमलाबाई धावत आल्या. लांबूनच वाकून बघितलं. पन्नास. पाय त्यांचे काट्यापासून हातभर लांब होते.

"अहो, वाढलं! झोपेत वाढलं!"

"गावाहून येताना फणस आणला असेन," राजाराम हसले.

रुचिरा फोनवर म्हणाली, "झोपेत वजन वाढत नाही आई कुणाचं. रात्री उठून खाल्लं असेल. विचार त्यांना."

"खाल्ले गो दोन लाडू," राजाराम आढ्याकडे बघत म्हणाले.

आता नवरा चोरून लाडू खातो, यात रडण्यासारखं काय आहे? पण विमलाबाई रडल्या. पिशवी रिकामी केली. डॉक्टरची तारीख पुढे ढकलली. त्या आनंदात दुधाच्या झाकणावरचं वजन गायब झालंय, हेही त्यांना दुपारी कळलं, सगळी साय गेल्यावर.

"मांजरीनंच नेलं असेल," राजाराम म्हणाले.

"एक किलोचं? मांजर आहे का हमाल?"

महिनाभर आकडा पन्नासच्या खाली आला नाही. लाडवांचा डबा रोज भरलेलाच दिसायचा, पण त्या कधी मोजायला बसल्या नाहीत. राजाराम आता जाकीट आपलं आपण घालत, आपण काढत, कुणाला हात लावू देत नसत. तेवढी ताकद आली म्हणून विमलाबाईंनी शेजारी पेढे वाटले.

आणि एका सकाळी काट्याकडे जाता जाताच ते खाली बसले.

"महिनाभर आधी आणायला हवं होतं," हॉस्पिटलातले डॉक्टर एवढंच म्हणाले. राजाराम परत आले नाहीत.

तेराव्यानंतर रुचिरा बापाच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. विमलाबाईंना राहवलं नाही.

"मी अंगठा दाबायचे गं काट्यावर. वीस दिवस. त्यांना फसवलं मी."

रुचिरानं घडी तशीच ठेवली.

"पण शेवटचा महिना नाही हां! देवाशपथ सांगते, भिंतीशी उभी असायचे. तेव्हा खरंच वाढलं होतं. तेवढं तरी खरं होतं."

"आई," रुचिरानं खुंटीवरचं जाकीट दोन्ही हातांनी उतरवलं. "हे इतकं जड कसं?"

आतल्या अस्तराला काळ्या दोऱ्यानं, पुरुषी वेड्यावाकड्या टाक्यांनी, एक खिसा शिवलेला होता. त्यात अर्धा किलोचं एक वजन होतं, आणि खाली दुधाच्या झाकणावरचं एक किलोचं.